खालून गेलेलं यान

कांबळे सर रोज निपाणीहून बसनं बेळगावला यायचे आणि सगळ्या वाटेत मांडीवर लॉगटेबल ठेवून आकडेमोड करायचे. बसच्या हिसक्यांनी आकडे वाकडेतिकडे उमटत. वर्गात आले की वही पुढं करून आम्हालाच विचारायचे, "हे पाच हाय का सहा, बघा गं कुणीतरी."

त्यांची आई तंबाखूच्या वखारीत राबली, म्हणून ते शिकले आणि गणिताचे प्राध्यापक झाले. मी वडगावच्या विणकराची मुलगी, एम.एस्सी.ला त्यांच्या हाताखाली होते. ऐंशीनंतरची ती वर्षं. लघुग्रहाजवळून यान नेण्याच्या परदेशी योजनांबद्दल सरांनी कुठंतरी वाचलं आणि तसा मार्ग स्वतः आखायला बसले.

"त्यो काय आपल्यासाठी थांबनार न्हाय," ते सांगायचे. "आज कुठं हाय ते सोड. आपुन पोचू तवा कुठं असंल, ते काढ."

"मग अगदी चिकटूनच जाऊ या की सर, फोटो चांगले येतील."

"लई जवळ गेलं तर कॅमेऱ्याची मान वळंस्तवर त्यो मागं पडतोय गं."

वर्षभराचं हे काम बंगळूरच्या एका परिसंवादात वाचायला त्यांना बोलावणं आलं. सर पोरासारखे हरखले. शेवटची तपासणी त्यांनी माझ्याकडं दिली आणि तिथंच मला चूक सापडली. लघुग्रहाची कक्षा तिरकी असते. भेटीच्या दिवशी तो पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीच्या वर असणार होता. सरांच्या एका ओळीत अधिकाचं उणे झालं होतं आणि यान खालून निघून जात होतं. दोन दिवस मी माझंच गणित तपासत बसले. तिसऱ्या दिवशी कागद त्यांच्यापुढं ठेवला.

सरांनी ती ओळ तीनदा करून पाहिली. चेहरा उतरला. मग म्हणाले, "व्हय. तुजं बरोबर हाय. तू बी चल बंगळूरला."

सोबतीला माझी आक्का आली. सभागृहात सरांनी आधी स्वतःची चूक फळ्यावर लिहिली, मग माझं नाव घेऊन पुढचं गणित मला मांडायला लावलं. परतताना गाडीत मी विचारलं, "सर, गुपचूप दुरुस्त केलं असतं तरी चाललं असतं की. माझं नाव कशाला घेतलंत?"

"चूक माझी, ती मी सांगितली. बरोबर तुजं व्हतं, त्ये कुणी सांगायचं?"

सरांना तिथं पुन्हा बोलावणं आलं नाही. मला मात्र त्याच सभागृहातल्या एका शास्त्रज्ञांनी अर्ज करायला सांगितलं आणि यानांचे मार्ग आखण्याची नोकरी लागली. ते सांगायला मी निपाणीला गेले आणि वाकले, तर त्यांनी मधेच धरलं.

"पाया पडू नगं. कामात कुठं चुकलीस तर तेवढं लिहून धाड. मी बघतो."

सर हयात होते तोवर मी लिहीत राहिले. नोकरीतल्या साहेबांना दाखवायचं धाडस झालं नसतं अशी कितीतरी गणितं त्या पत्रांतून गेली, आणि एकही पत्र उत्तरावाचून राहिलं नाही.