आमच्या दारातला डोंगा

माझी सून पाहुण्यांना वाढताना म्हणते, "आई, तो रश्श्याचा डोंगा जरा इकडं द्या." स्टीलचं खोलगट भांडं असतं ते. मी देते, पण दर वेळी मनात येतं, की बाई गं, डोंगा तू पाहिलाच नाहीस.

आमचं गाव मारेगावच्या बाजूला, वर्धा नदीपासून कोसभर आत. तिथं या एका शब्दाला पुष्कळ कामं होती. नदीवर माणसांना पैलतीरी नेणारा, अख्ख्या खोडातून कोरलेला, तो डोंगा. गावविहिरीजवळ ढोरांना पाणी पाजायला तसंच एक कोरलेलं खोड ठेवलेलं असायचं, तोही डोंगा. चांद्याकडं दिलेली माझी मावशी सांगायची, की धानाच्या मुलखात शेताला पाणी उपसायचं लाकूड असतं, त्यालाही डोंगाच म्हणतात. म्हातारी माणसं वाकडंतिकडं लाकूड बाजूला टाकत आणि म्हणत, डोंगं आहे, कामाचं नाही. शाळेत मास्तरांनी मात्र 'डोंगा म्हणजे होडी' एवढंच फळ्यावर लिहिलं आणि मोकळे झाले, असं माझा धाकटा भाऊ सांगत आला होता. मी तिथं असते तर बोलले असते. पण मी तेव्हा शाळा सोडून पाणी भरत होते.

या शब्दावर मी आयुष्यात जेवढा विचार केला तेवढा क्वचितच कशावर केला असेल. नदीवरच्या डोंग्यात पाणी आत आलं की माणूस मेलं. विहिरीवरच्या डोंग्यातलं पाणी बाहेर गेलं की ढोर तहानलं. पोकळी तीच, लाकूड तेच, आणि काम अगदी उलटं. लाकडाला त्याचं काही वाटत नाही. ज्याच्या दारात पडलं त्याच्या उपयोगी पडतं. माणसांचं मात्र असं नव्हतं, आणि त्याचा राग मला अजूनही येतो.

छप्पनच्या दसऱ्याला बाबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. कोनाड्यातले देव त्यांनी नाल्यात सोडले आणि गावात सांगून टाकलं, की यापुढं आम्ही मेलेलं ढोर ओढणार नाही. गावानं ऐकून घेतलं. हिवाळा तसाच गेला. उन्हाळा लागल्यावर गावानं उत्तर दिलं. आमची बैलजोडी रोजच्यासारखी विहिरीवरच्या डोंग्याशी गेली, तर पाटलाच्या गड्यानं तिला काठीनं हाकललं. "तुमचं तुमी पाहा आता," म्हणाला. विहिरीला आम्हाला कधीच हात लावू देत नव्हते, पण बैलांना डोंगा मोकळा होता. आता तेही बाटले. बैलांनी कुठं जाऊन दीक्षा घेतली होती, ते गावालाच ठाऊक.

आमचं चार एकर बरड होतं आणि ती जोडी होती. बैल नसले तर वखर कोण ओढणार? नदी कोसभर, वाट लोकांच्या वावरांतून, आणि त्या वाटेवरही बाभळीच्या काट्या येऊन पडल्या. मग मी आणि माय नाल्यातल्या झिऱ्यावरून घागरी आणायचो आणि घमेल्यात ओतायचो. बैल दोन घोट प्यायचा आणि घमेल्यात पाय घालायचा. चैतातल्या त्या उन्हात मातीत जिरणारं पाणी पाहून मला आधी रडू यायचं आणि मग मी बैलाला अशा शिव्या द्यायची, की शेजारची म्हातारी कानावर हात ठेवायची. बैलांच्या बरगड्या दिसायला लागल्या.

एकदा जेवताना बाबा म्हणाले, "असंच राह्यलं तर जोडी इकून टाकतो अन् खाणीत जातो कामाले."

मायच्या हातातला घास हातातच राहिला. "जोडी गेली तर आपल्याले कोण ठेवते इथं?" ती म्हणाली.

बाबांना ते कळत नव्हतं थोडंच! दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी जुंपली, मला सोबत घेतलं आणि दूरच्या फेऱ्यानं नदीवर गेले. डोंगा चालवणाऱ्या म्हाताऱ्या भोयानं नवा डोंगा केला होता. जुना काठावर पडून होता. त्याच डोंग्यातून आम्ही पलीकडं जायचो. पाटील-देशमुख पुढच्या टोकाला बसायचे, आमची माणसं शेपटीकडं. नेमकी शेपटीच तडकली होती.

बाबांनी विचारलं, "काका, हा डोंगा मले पायजे. काय घेसान?"

"डोंगा इकत नाही कोणी," म्हातारा म्हणाला. "ज्यानं माणसं उतरवली त्याचे पैसे कायले घेऊ? नेऊन टाक. फक्त पालथा नोको ठेवजो. पालथा डोंगा दिसला का समजाव, कोणी बुडालं."

बाबा तिथंच बसून ती तड आतल्या बाजूनं चिंध्या आणि डांबरानं बुजवू लागले. म्हातारा पाहत होता. मग पोट धरून हसला. "जनमभर मी ह्याच्यातलं पाणी बाहीर फेकलं, अन् तू त्याच्यात भरून राह्यला!"

बाबाही हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

वस्तीतल्या चार जणांनी तो गाडीतून उतरवला आणि आमच्या दारात लिंबाखाली ठेवला. घरापेक्षा तोच मोठा दिसत होता. मी आणि मायनं सकाळभर खेपा घालून तो भरला. माझी मान अवघडली होती, पण तिकडं लक्ष नव्हतं. सगळी वस्ती बघायला जमली. बाबांनी थोरला बैल मोठ्या थाटात डोंग्यापाशी आणला. बैलानं नाक पाण्याजवळ नेलं, जोरात फुरफुरला आणि मान फिरवली. दुसऱ्यानंही तेच केलं.

माशांचा वास. वर्षानुवर्षं त्या डोंग्यात मासळी पडली होती, ओली जाळी पडली होती. आम्हाला तो वास सवयीचा, पण बैलांना कोण सांगणार? आम्ही पाणी उपसलं, राखेनं घासलं, मातीनं घासलं, लिंबाचा पाला ठेचून चोळला. पुन्हा भरलं. बैल ढिम्म. शेजारची म्हातारी म्हणाली, "बैल तुमच्यापरीस सोवळे निघाले वं!" मी एक घागर सरळ बैलाच्या तोंडावर फेकली. तो शांतपणे जिभेनं नाक चाटत राहिला.

ही बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. बाजाराच्या दिवशी बाबा चावडीवरून येत होते, तर ओट्यावरून कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "त्यायचं पाणी त्यायच्या बैलाले बी चालत नाही!" ओटाभर हसणं झालं. बाबा घरी आले ते हेड्याला घेऊनच. गुरांच्या त्या दलालानं बैलांचे दात पाहिले, पाठीवर थाप मारली, आणि पुढच्या बाजारी घेऊन जातो म्हणून गेला. माय चुलीपुढून उठली नाही. मला भोयाचा राग आला, बैलांचा आला, हेड्याचा आला, आणि सगळ्यांत जास्त त्या ओट्यावरच्या हसण्याचा.

बाजार अगदी जवळ आला तेव्हाची संध्याकाळ. बाबांनी वखर उतरवून ठेवलं आणि थोरल्या बैलाला डोंग्यापाशी आणलं. त्या दिवशी माय दुपारपासून डोंग्याशी काहीतरी खटपट करत होती. बैलानं नाक फेंदारलं आणि मान वळवली. शेजारीपाजारी आता बघायलाही येत नव्हते, पण दारादारांत बसलेले होतेच.

बाबांनी डोक्याचा दुपट्टा काढून खांद्यावर टाकला. गुडघे टेकले. दोन्ही हात डोंग्याच्या काठावर रोवले, वाकले आणि तोंड पाण्याला लावून पिऊ लागले. ओंजळ केली नाही की तांब्या मागितला नाही.

"अजी, हे काय करून राह्यले?" माय धावत आली.

ते थांबले नाहीत. घटाघटा पाणी जाताना त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली होत होती. बैल त्यांच्याकडं पाहत उभा होता. मग त्यानं एक पाऊल पुढं टाकलं, फुरफुरला, आणि बाबांच्या तोंडाशेजारी तोंड घालून पिऊ लागला. पाणी खाली खाली जात होतं आणि मला त्या बैलाच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं.

मायनं मला मागाहून हळूच सांगितलं, की तिनं त्या दिवशी डोंग्याच्या काठाला खडेमीठ चोळलं होतं आणि पाण्यात भिजवलेली सरकी टाकली होती. "मिठानं पेला तो. पण तुह्या बापाले सांगू नोको." मी कधी सांगितलं नाही. बैल कशानं प्याला ते बैलच जाणे. धाकटाही थोरल्याचं पाहून प्याला, आणि हेडी बाजारच्या दिवशी आला तसा रिकाम्या हातानं गेला.

पण त्या संध्याकाळी बाबा उठले तेव्हा त्यांच्या दाढीवरून, छातीवरून पाणी गळत होतं. शेजारची म्हातारी दारातून करवादली, "लाज नाही वाटत बे? ढोरावानी पेला!"

"हो, ढोरावानी पेलो," बाबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "गावच्या डोंग्यावर रोज माहा बैल तोंड लावून पे, अन् मी बाजूले ओंजळ धरून उभा राहो, कोणी वरून ओतीन म्हणून. माहा बाप तसाच उभा राहून मेला. ढोराची बरोबरी कराले मले चाळीस वर्सं लागले, आजी."

बैल अजून पीत होता आणि डोंग्याचा तळ दिसायला लागला होता. मायनं पदरानं डोळे पुसले, घागर उचलली आणि झिऱ्याकडं निघाली. मीही दुसरी घागर घेऊन तिच्या मागं गेले.