काठीची पाठ

सोहम, लहान होडीमागे गळ ओढत सॅमन धरायचा, तर रीळ-कड्या न लावलेली कोरी काठी कोणती घ्यावी, असं तू विचारलंस. तू पाठवलेली काठ्यांची यादी मी दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा गोंधळले. म्हणून इंदापूरला गेले तेव्हा उजनी धरणाच्या काठावर थांबले. तिथे एक गृहस्थ गळासाठी बांबूच्या काठ्या निवडून देतात. त्यांच्याकडून मी वर्षानुवर्षं मासे घेते, नाव कधी विचारलं नाही.

ते डोळे मिटून काठी निवडतात. टोक तळहातावर टेकवून, दाबत, गोल फिरवतात. एका जागी काठी आपोआप वळून थांबते. "ही हिची पाठ," म्हणतात, म्हणजे काठीची ताठ बाजू. मला ती सगळीकडून सारखीच दिसली. मी एक सरळ, देखणी काठी उचलली, तर म्हणाले, "बाई, भिंतीला टेकवायला झ्याक हाय."

मग नातवानं विचारलंय असं सांगून मी तुझा प्रश्न वाचून दाखवला. त्यांनी डोळे उघडले.

"नातू होडीत येकटाच असतो, का जोडीला कुणी हाय?"

"त्यानं काय फरक पडतो?"

"जोडीदार असला तर ताठ चालंल. येकट्याला मऊ द्यावी. वल्ह्यावरचा हात सुटंस्तवर मासा काठीनंच सांभाळायचा."

मी फोनमधले तुझे फोटो चाळले. तुझ्या फोटोंत होडी असते, मासा असतो, तू असतोस. फोटो कोण काढतं, ते दिसत नाही.

"इचारून सांगा," म्हणत ते पुढच्या काठीकडे वळले.

तेव्हा काठीचं नंतर बघू. तू होडीत एकटा असतोस का?