कुसुमबाईचं तेल

पांढुर्ण्यात कुसुमबाईचं नाव तिच्या तेलामुळं. बाई पन्नाशी ओलांडलेली, पण डोक्यात पांढरा केस शोधून सापडायचा नाही. कोणी विचारलं की ठसक्यात सांगायची, "बगीच्यातल्या संत्र्याच्या सालीचं तेल लावतो मी. दुसरं काईच नाई, बाप्पा!" साली वाळवून, खोबरेलात कढवून ती बाटल्या भरायची आणि नात्यागोत्यात वाटायची. तेल खरं होतं, पण काळेपणा मेंदीचा होता. अधूनमधून न्हाणीघराची कडी लावून बाई काळ्या मेंदीची पुडी भिजवायची. नवरा देवीदास बाहेर अंगणात बसून म्हणायचा, हिले न्हायले लई वेळ लागते.

मुलीचं, पूनमचं, साक्षगंध म्हणजे साखरपुडा ठरला. होणारी विहीण अर्चनाबाई बोरगावची. दोन बाटल्या नेल्यापासून तीही चारचौघांत सांगायची, "ईनबाईच्या तेलानं माहे केस काळेभोर झाले." ऐकून कुसुमबाई फुगायची, आणि मनातून थोडी चकितही व्हायची.

पूनमनं हट्टच धरला, दोन्ही आयांचे केस जरा उजळ करायचे, म्हणजे फोटो उठून येईल. दोघींना धरून तिनं दीपालीच्या पार्लरात बसवलं.

"पूर्ण ब्लीच केलं तर सगळं डोकं सोनेरी होते," दीपाली सांगू लागली.

"नको वो! घरचे वळखणार नाई," कुसुमबाई म्हणाली.

"मंग फॉइल लावून हायलाइट. बारीक बारीक बटा निघतात."

"डोक्याले का पराठे बांधून राहिली तू?"

"तर बॅलायाज करा. ब्रशनं हातानंच रंगवतो. मुळं काळी राहतात, खाली खाली उजळ."

मुळं काळी राहतात म्हटल्यावर कुसुमबाईला तेच पटलं. तेवढ्यात दीपालीनं विचारलं, "काळी मेंदी लावता का? खरं सांगा. काई काई पुड्यांवर ब्लीच पडलं की केस तापून हिरवे होतात, जळतात."

कुसुमबाईनं चोरून शेजारी पाहिलं. हो म्हणावं तर शेजारच्या खुर्चीत विहीण, आणि इतक्या वर्षांच्या तेलाची अब्रू एका शब्दात जाणार. "छट्! फक्त तेल," ती म्हणाली.

"मी बी तेच," अर्चनाबाई म्हणाली.

दीपालीनं असल्या बायका रोज पाहिलेल्या. तिनं दोघींच्या मानेमागून एकेक बारीक बट कापली आणि दोन वाट्यांत ब्लीच कालवून टाकली. थोड्याच वेळात कुसुमबाईच्या वाटीतून वाफा निघू लागल्या आणि बट हिरवीगार झाली.

"आमच्या बोअरचं पाणी लई खारं हाये वो..." कुसुमबाईनं सुरुवात केली. तोवर दुसरी वाटीही वाफाळली. अर्चनाबाईची बट तर पालकापेक्षा हिरवी निघाली.

मग अर्चनाबाईला हसू फुटलं, पाठोपाठ कुसुमबाईला, आणि दोघी खुर्च्यांवर लोळायच्या बाकी राहिल्या. पूनमनं कपाळावर हात मारला. दीपाली म्हणाली, "आता कोनाचंच काई होत नाई. अशाच काळ्याभोर जा साक्षगंधाले."

कुसुमबाईनं डोळे पुसले. आता लपवायला काही उरलं नव्हतं, म्हणून मोकळेपणानं विचारलं, "मंग ईनबाई, माह्या तेलाचं काय केलं वो तुमी?"

"पोळ्याले बैलाच्या शिंगाले लावलं. लई चमकली!"

कुसुमबाईचं हसू तिथंच थांबलं. मेंदी उघडी पडली त्याचं तिला काहीच वाटलं नव्हतं. पण घरी पोहोचेपर्यंत ती एकच घोकत राहिली. एवढ्या निगुतीनं कढवलेलं तेल, आणि बैलाला!