उजनीच्या बेटावरची खाज

"मॅडम, ह्यांची मासळी मी घेणार न्हाय. आधी रोग हाय का न्हाय ते सांगा."

भिगवणच्या बाजारात मासळीचे व्यापारी रशीदभाई मला हे सुनावत होते, तेव्हा मासळी विकायला आलेल्या हौसाबाई आपल्या भरल्या टोपलीशी बसल्या होत्या. त्यांच्या मानेवर, खांद्यावर, दंडावर लाल पुरळ. घरातल्या सगळ्यांनाच. उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी ओसरलं की एक बेट उघडं पडायचं. तिथं झोपडं टाकून हे कुटुंब मासे धरायचं. आणखीही घरं तिथंच राहायची. पाणी तेच, मासे तेच, खाज मात्र फक्त ह्यांनाच. गावानं निकाल लावून टाकला होता: रोग घराण्याचा आहे आणि तो मासळीला लागलाय. रोजची टोपली भरलेलीच घरी परत जात होती.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी समुद्री जीवशास्त्र शिकलेली. अंदमानच्या एका बेटावर प्रवाळांमध्ये काम केलेली. लग्न झालं आणि बारामतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागले. समुद्र सोडून कुठं येऊन पडले, ही कुरकुर कायम. बाजारातली तक्रार कॉलेजपर्यंत आली, तेव्हा आमचे हेड म्हणाले, "मासे तपासा, रिपोर्ट द्या, मोकळ्या व्हा."

मासे तपासले. कल्ले, खवले, आतडी, सगळं ठणठणीत. मोकळं व्हायला हरकत नव्हती, पण मला चैन पडेना. खाज मासळीतून आली असती तर आधी हातांना यायला हवी होती. ह्यांचे तर खांदे सोललेले. मी होडीत बसून बेट गाठलं.

"हौसाबाई, खांद्यावरून काय वाहता?"

"सरपण. आमच्या बांधावरनं आणतो."

बेटावर कुठला बांध? त्यांनी बोट दाखवलं. चिखलाच्या कडेला वाळलेल्या बाभळींची रांग उभी होती. धरणाआधी तिथं त्यांच्या सासऱ्यांचं शेत होतं. पाणी उतरलं की प्रत्येक घर आपापल्या बुडालेल्या बांधावरचंच लाकूड तोडतं. दुसऱ्याच्या बाभळीला कुणी कोयता लावत नाही. बाकीच्यांचे बांध उंचवट्यावर, ह्यांचा तेवढा खाली, वर्षातले बरेच महिने पाण्यात.

जवळ गेले आणि थबकलेच. फांद्यांवर राखाडी, खरबरीत खपल्या. अगं बाई, हा तर स्पंज! स्पंज म्हणजे एका जागी चिकटून जगणारा अगदी साधा प्राणी. अंदमानात त्याला चुकून हात लागला की आम्ही दिवसभर खाजवत बसायचो. तो गोड्या पाण्यातही, बरेच महिने बुडालेल्या लाकडावर वाढतो, हे पुस्तकात वाचलं होतं. इंदापूर तालुक्यात बाभळीवर भेटेल असं काही वाटलं नव्हतं. इतका आनंद मला लग्नानंतर पहिल्यांदाच झाला. यजमानांना हे सांगितलं नाही.

कॉलेजात एक खपली ॲसिडमध्ये उकळली. मांस विरघळलं, तळाशी पांढरा गाळ राहिला. मायक्रोस्कोपखाली त्यात नुसत्या बारीक सुया, काचेसारख्या. त्यांना स्पिक्यूल म्हणतात. हाच स्पंजाचा सांगाडा. लाकूड खांद्यावर घेतलं की त्या कातडीत रुततात. हा रोगच नाही, तर लागणार कुणाला?

हेड म्हणाले, "मासे ठीक आहेत ना? मग तेवढंच लिहा."

रशीदभाई मात्र चौकस निघाले. "दावा बघू," म्हणाले. मी फांदी पुढं केली. त्यांनी ती मनगटावर खसाखसा घासली. थोड्याच वेळात ते उठले, आणि मनगट खाजवत खाजवतच हौसाबाईंच्या मासळीजवळ तराजू घेऊन आले.

"व्हय की," ते म्हणाले. "आता मला कुठल्या घराण्याचा रोग लागला? वता मासळी."

रिपोर्टमध्ये मी ठासून लिहिलं: त्या बांधावरचं लाकूड वापरू नये. पुढच्या उन्हाळ्यात बेटावर गेले, तर हौसाबाई तिथलीच मोळी घेऊन येत होत्या. खांद्यावर गोणपाटाची जाड घडी.

"अहो, नको म्हणाले होते ना मी?" मी चिडलेच.

"मॅडम, जमीन तर पाण्यात गेली. एवढी लाकडंच हायत आमची. खाजलं तर खाजू दे."

तेव्हापासून रिपोर्टमध्ये 'वापरू नये' असं लिहीत नाही. 'गोणपाट घ्यावं' असं लिहिते.