दार उघडायचं काम

घराबाहेर पडताना आमच्या समोरचे काका दाराच्या चौकटीला बोटं लावायचे, ती ओठांना टेकवायचे आणि म्हणायचे, "घाई नाही, पण निघायची तयारी असावी." त्या चौकटीवर एक लहानशी लाकडी डबी ठोकलेली होती. तिच्यात त्यांच्या धर्मग्रंथातल्या ओळी होत्या. तिला ते मेझुझा म्हणत.

तुमच्याही शेजारी असा एखादा असेल. विमान रात्रीचं, आणि हा सकाळीच बूट घालून सोफ्यावर. कॅनडातल्या मिल्टनच्या आमच्या गल्लीत सगळ्यांच्या आधी विंटर टायर्स लावून मोकळे होणारे काकाच. मी नागपूरचा निवांत माणूस. माझं ड्राइव्हवेवरचं बर्फ शोव्हल करून होईपर्यंत त्यांचा दुसरा चहा झालेला असायचा.

काका-काकू अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांच्या पेसाखच्या सणाला आम्हाला दर वर्षी बोलावणं असे. इजिप्तच्या गुलामीतून पूर्वज सुटले, त्याची ती आठवण. बिनखमिराची मात्सा रोटी, काळ्या मनुकांचं सरबत आणि शेवटी, त्या रात्री घरोघरी येतो असं मानतात त्या एलियाहू नबीसाठी दार उघडायचं. ते काम काकूंचं. बाहेर बर्फ असला तरी दार पूर्ण उघडायच्या. म्हणायच्या, "येणाऱ्याला फटीतून यायला लावायचं का?"

एका वर्षी त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं इजिप्तमधून निघालो, निघालो म्हणतोय. निघालो कुठून, ते एकदा बघू तरी."

झालं, आमच्या चार मित्रांच्या घरांनी काका-काकूंना घेऊन इजिप्तला जायचं ठरवलं. ईस्टरची सुट्टी जोडून मी तिकिटं बुक केली. पेसाख नेमका त्याच आठवड्यात येतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कळलं तेव्हा काकू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"सगळे ज्यू त्या दिवशी सुटल्याचा आनंद करणार, आणि हा आम्हाला तिकीट काढून परत आत नेतोय."

"चेंज करू का, काकू?"

"खबरदार."

जानेवारीत काकू गेल्या. दोघांची तिकिटं कॅन्सल करू का, म्हणून मी विचारायला गेलो, तर ते म्हणाले, "तिचं कर. माझं राहू दे. हॉस्पिटलात मला म्हणाली, तू जा आणि आल्यावर मला सगळं सांग. सांगायचं तर बघायला हवं ना?"

इजिप्तमध्ये आम्ही सगळे फोन उंच धरून फिरत होतो. काकांनी एकही फोटो काढला नाही. "फोटो तिला दाखवता येणार नाही रे. सांगावं लागेल. मला नीट बघू दे." पिरॅमिडसमोर ते मान वर करून इतका वेळ उभे राहिले, की गाइड दोनदा बोलवायला आला. हॉटेलच्या, देवळांच्या, म्युझियमच्या दारांना सवयीने बोटं लावायचे. तिथे काही नसायचं. मग हात तसाच खाली घ्यायचे.

सणाच्या संध्याकाळी आम्ही त्यांच्या खोलीत जमलो. टोरांटोहून आणलेल्या मात्साचा बॅगेत चुरा झाला होता. सरबत प्लॅस्टिकच्या ग्लासांत. मी सवयीने घड्याळ बघितलं, तर म्हणाले, "बसा. आज घाई नाही." दार उघडायची वेळ आली तसं काकांनी दाराकडे बघितलं.

"ते ती करायची," एवढंच म्हणाले.

माझी बायको उठली आणि तिने दार पूर्ण उघडलं. बाहेर टॉवेल घेऊन हॉटेलचा एक म्हातारा कर्मचारी उभा होता, बेल दाबायच्या बेतात. तोही दचकला, आम्हीही.

काकांनी चटकन एक ग्लास पुढे केला आणि आपण भारतात कुठल्याही परक्या माणसाशी बोलतो तसं चक्क हिंदीत म्हणाले, "आओ भाई, बैठो." त्या माणसाला शब्द कळला नसेल. त्याने उभ्याउभ्या सरबत प्यायलं, छातीवर हात ठेवला, टॉवेल दिले आणि गेला. काका हसायला लागले. त्या दौऱ्यातलं ते त्यांचं पहिलं हसू. मग ते हसणं थांबलं आणि ते रडायला लागले. "हे तिला सगळ्यात आधी सांगायला हवं," म्हणाले.

परतल्यावर मी त्यांना कब्रस्तानात घेऊन गेलो. मी गाडीतच थांबलो. काकांनी खिशातून इजिप्तचा एक खडा काढून, त्यांच्यात फुलांऐवजी ठेवतात तसा, काकूंच्या कबरीच्या दगडावर ठेवला आणि बोलू लागले. काचेतून ऐकू येत नव्हतं. मध्येच त्यांनी दोन्ही हात डोक्याच्या वर नेले, चवड्यांवर उभे राहिले, आणि मला कळलं की ते पिरॅमिड सांगताहेत. मी मान फिरवली. मला बघवेना.

पुढच्या हिवाळ्यात काकाही गेले. भाच्याने घर विकलं, मेझुझा काढून नेला. चौकटीवर आता दोन छिद्रं आहेत.

यंदा पेसाखच्या संध्याकाळी बायकोने मनुकांचं सरबत केलं. ज्यांचा सण, ते कोणी नव्हतं. तरी आम्ही एक ग्लास भरून ठेवला आणि मी जाऊन दार उघडलं. पूर्ण. बाहेर बारीक स्नो पडत होता. समोरच्या त्यांच्या घरात दुसऱ्या कोणाचा तरी टीव्ही चालू होता.

"बाबा, क्लोज द डोअर, इट्स फ्रीझिंग," आतून लेक ओरडली.

"थांब जरा," मी म्हटलं. "घाई नाही."