उशापाशी कुणी बसायचं

वस्तरा गळ्यापाशी आला की न्हाव्याचा हात थबकायचा. कशानं, ते त्यालाही कळत नव्हतं. एकदा तर गिऱ्हाइकानं डोळे उघडून विचारलं, "काय रे, डुलकी लागली की काय?" तो हसला. घाम मात्र मानेवरून पाठीत उतरला.

डॉक्टरांनी त्याला मनोविश्लेषण करणाऱ्या बाईंकडे पाठवलं. बाईंची खोली साधी होती. भिंतीला लागून एक कोच आणि त्याच्या उशाशी खुर्ची.

"तुम्ही कोचावर पडून मनात येईल ते बोलायचं. मी मागे बसेन. आठवड्यातून चार दिवस, ठरलेल्या वेळी. आला नाहीत तरी ती वेळ तुमचीच धरली जाईल. चला, एकदा पडून बघा."

न्हावी उठला आणि सवयीनं थेट उशापाशी जाऊन उभा राहिला. बाई तिथंच बसायला येत होत्या. दोघं समोरासमोर आले तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"जन्मभर मीच मागे उभा राहिलो हो," तो पुटपुटला.

आडवा झाल्यावर त्यानं छताकडे बघत विचारलं, "अंधार पडल्यावरची वेळ मिळेल?"

"सकाळचीच मोकळी आहे. संध्याकाळ सोयीची म्हणून हवी, की कुणी बघू नये म्हणून?"

सकाळ म्हणजे दाढीची गर्दी. दुकान मेहुण्यावर टाकावं लागणार, आणि मेहुण्याच्या जिभेला हाड नाही. "कळवतो," म्हणून तो निघाला.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मेहुणा कंगवे धूत होता.

"आठवड्यातून चार दिवस सकाळी तासभर दुकान सांभाळशील?"

"का हो भाऊजी? दुसरा संसार थाटलात की काय?"

न्हाव्यानं कंगव्यांकडे बघतच सगळं सांगितलं. मेहुण्यानं नळ बंद केला.

"मला माहीत होतं," तो हळूच म्हणाला. "तुमची खुर्ची रिकामी असताना लोक माझ्यासाठी ताटकळतात, ते काय माझ्या गप्पा ऐकायला? ताईलाही ठाऊक आहे. तुम्हाला कसं विचारायचं, एवढंच आम्हाला कळेना."

म्हणजे सगळ्यांनी पाहिलं होतं. तिन्ही भिंतींना आरसे. तोंड लपवायचं तरी कुठं? कानाच्या पाळ्या तापल्या.

त्यानं फोन काढला. बाहेर जाऊन बोलावं असं वाटलं, पण पाय उचलेना. मेहुण्यासमोरच, जरा मोठ्यानं, तो म्हणाला, "बाई, सकाळचीच वेळ ठेवा."