स्वयंपाकघरातल्या आसरा

चहा आधी संपवा, मग सांगतो. मधेच हसू आलं तर नाकातून येईल. खरं म्हणजे हसण्यासारखं त्यात काही नाहीये हो. त्या दिवशी मी जेवढा घाबरलो तेवढा आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो. आत्ता सांगतानासुद्धा तळहाताला घाम येतोय, हे बघा.

मी मुळात भित्रा माणूस. शेजारच्या घरात मिक्सर लागला तरी दचकतो. पण सल्ला द्यायला कुठे धाडस लागतं? आमच्या डोंबिवलीतल्या तीन मजली सोसायटीत कुणाला टाइल कापायची असली, पंप घ्यायचा असला, की लोक मलाच विचारायचे. कारण मी मोबाइलवर त्याचे व्हिडिओ बघतो. जेवताना बघतो, दाढी करताना बघतो. साधा हॅण्ड कटर कुठे चालतो, मार्बल कटर कुठे लागतो, ब्लेड कुठलं लावायचं, पाणी उपसायचा पंप खड्ड्यात कसा बसवायचा, सगळं तोंडपाठ. पावसात गेटपाशी तळं साचतं म्हणून सोसायटीने पाण्यात बुडवायचा पंप घेतला, तोसुद्धा माझ्याच सल्ल्याने. यातलं एकही यंत्र मी हातात धरलेलं नव्हतं. पण ते कुणी विचारलंच नाही, मग मी कशाला सांगू?

तर आमचं घर तळमजल्यावर. गावची जमीन विकून आणि स्मिताच्या, म्हणजे बायकोच्या, पाटल्या मोडून घेतलेलं. जगात आमचं म्हणावं असं तेवढंच आहे. त्या घराच्या स्वयंपाकघरात, ओट्यासमोरच्या एका टाइलखालून ओल यायला लागली. बोटाने वाजवली की पोकळ वाजायची. मिस्त्री म्हणाला गणपतीनंतर येतो. कुठल्या वर्षीचे गणपती ते काही बोलला नाही. स्मिता म्हणाली, येईल तेव्हा येईल, तुम्ही मात्र त्या टाइलला हात लावायचा नाही. हे तिने मला एकदा नाही, येता-जाता बजावलेलं.

आता मला सांगा, अख्खी बिल्डिंग ज्याला विचारून टाइल कापते, त्याच्या बायकोने असं बोलावं? लागलं हो मनाला.

मग एका रविवारी तिच्या भाच्याच्या मुलीचं बारसं आलं, कळव्याला. मी पोट बिघडल्याचं सांगून घरी राहिलो. तिची रिक्षा कोपऱ्यावर वळली आणि मी गल्लीतल्या हार्डवेअरवाल्याकडे गेलो. मार्बल कटर भाड्याने घेऊन आलो. वाटेत दोघांनी विचारलं, काय विलासराव, काम काढलं वाटतं. मी नुसती मान हलवली, सर्जन हलवतात तशी.

आता मी सगळ्यांना काय सांगतो? टाइल कोरडी कापायची नाही, पाणी मारत कापायची, धूळ उडत नाही. पण एका हातात करंटचं यंत्र आणि दुसऱ्या हातात पाण्याचा मग घेऊन उभा राहिलो ना, तेव्हा पोटात जो गोळा आला! पोट बिघडल्याचं खोटं बोललेलो, ते खरं व्हायची वेळ आली. म्हटलं पाणी राहू दे. कोरडीच कापू.

बटण दाबलं. तो आवाज कानात नाही, दातांत जातो. मी डोळे मिटले. हो, मिटले. तुम्ही धरून बघा एकदा. उघडले तेव्हा समोर काही दिसेना. डबे, भांडी, देव, मी, सगळे पांढरेफटक. पण टाइल कापली गेली होती बरं का. वाकडी, पण गेली.

व्हिडिओत सांगतात, ओल येते तिथे बादलीएवढा खड्डा करायचा, पाणी त्यात जमू द्यायचं आणि छोट्या पंपाने बाहेर काढून टाकायचं. सोपं आहे. मी छिन्नी-हातोडा घेऊन खणायला बसलो. थोडं खाली गेल्यावर काहीतरी कडक लागलं. मला वाटलं दगड. दगडाला काय करायचं? जोर लावायचा. लावला.

आणि खालून पाणी आलं.

घाण पाणी असतं तर मी समजलो असतो, गटार फुटलं. पण हे स्वच्छ. थंडगार. खड्डा भरला, काठाला आला आणि जमिनीवर पसरायला लागलं. मी आधी घरातला मेन स्विच पाडला. मग टॉवेल टाकला, चादर टाकली, स्मिताची जुनी साडी टाकली. पाणी सगळ्यांना उचलून वर येत होतं. अहो, तळमजल्यावर जमिनीतून पाणी येतंय! म्हणजे खाली काय आहे? आणि खाली पाणी आहे तर घर कशावर उभं आहे?

मग आठवला सोसायटीचा पंप. जिन्याखालून ओढत आणला, खड्ड्यात उभा केला, पाइप मागच्या खिडकीतून गटारात सोडला. पण पंप चालवायचा तर मेन स्विच चालू करायला हवा, आणि जमीन सगळी ओली. रबरी चप्पल घातली, वर लाकडी पाटावर उभा राहिलो, कुलदैवताचं नाव घेतलं आणि लाटण्याने बटण दाबलं. पंप चालू झाला. पाणी काठाच्या जरा खाली गेलं, पण यायचं थांबेना.

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या नामीआजी आल्या. ही बिल्डिंग ज्यांच्या शेतावर उभी आहे, त्या आगरी घरातल्या या सगळ्यात थोरल्या. यंत्राचा आवाज ऐकून बघायला आलेल्या. दारातून त्यांनी खड्डा बघितला, पाणी बघितलं, आणि चौकट धरून तिथेच खाली बसल्या.

"पोरा," त्या म्हणाल्या, "हितंच आमची बाव होती. आसरांची."

बाव म्हणजे विहीर, आणि विहिरीतल्या साती आसरा तुम्हाला ठाऊक असतील. नसतील तर माझ्या गावी चला, पाण्यातल्या त्या सात बायांचं नाव तिन्हीसांजेला कुणी घेत नाही. लहानपणी आई मला विहिरीकडे एकटं जाऊ द्यायची नाही ती त्यांच्याचमुळे. आणि आजी सांगत होत्या, की ती बाव बिल्डरने बुजवली. "त्याला सांगला होता, आदी ओटी भर, मंग बुजव. त्यानी नाय आयकला."

म्हणजे त्या इतकी वर्षं खाली कोंडलेल्या. आणि वरचं झाकण उघडलं कुणी? मी! तेही भाड्याच्या कटरने.

मी मटकन पाटावर बसलो. आजी मात्र उठल्या, वर जाऊन खण, नारळ, हिरव्या बांगड्या, तांदूळ घेऊन आल्या. मी पंप बंद केला, देवीसमोर घरघर नको. त्यांनी खड्ड्याला हळद-कुंकू वाहिलं, ओटी ठेवली. मी साष्टांग नमस्कार घातला, त्या चिखलात, टाइलच्या धुळीसकट. आणि तुम्हाला शप्पथ सांगतो, पाणी यायचं थांबलं. आपोआप. हळूहळू खाली जायला लागलं. आजींनी माझ्याकडे बघितलं, मी आजींकडे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो.

नेमका तेव्हा फोन वाजला. कांबळेसरांचा. सर आमचे सेक्रेटरी, शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेले. खालच्या टाकीतलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायची जी मोटर आहे, ती तेच बघतात. मोटररूम पार गेटपाशी. सर म्हणाले, विलासराव, मगापासून मोटर चालवतोय, वरची टाकी भरतच नाहीये, आत्ता बंद केली बघा, तुमचं काय मत?

तुम्हाला कळलं असेल. आता असे बघू नका माझ्याकडे. चहा पिताना सगळं कळतं. पायाखाली सात आसरा आलेल्या असताना कळतं का, ते सांगा.

मी माझ्या रोजच्या आवाजात सांगितलं, सर, लाइनमध्ये हवा अडकलीय. मोटर बंद करूच नका. चालू ठेवा, सलग चालवा, जोर लावला की हवा निघून जाईल. सर म्हणाले बरं झालं तुम्हाला विचारलं. आणि त्यांनी मोटर चालू केली.

खड्ड्यातून असं उसळलं पाणी! नारळ उडून फ्रिजखाली गेला. आजी ओरडल्या, ओटी नाय मानली, ओटी नाय मानली. मी धावत जाऊन पंप लावला आणि देवीला गटारात उपसायला लागलो. तेवढ्यात बाजूच्या टाइलखालून टक् असा आवाज आला. मग आणखी एक टक्. झालं. माझ्या डोळ्यांसमोर अख्खी बिल्डिंग विहिरीत उतरायला लागली. स्मिताच्या पाटल्या, गावची जमीन, सगळं त्या भोकातून खाली चाललंय असं मला दिसत होतं.

मी बाहेर पळालो आणि जिन्यात उभा राहून ओरडलो, की सगळे खाली या, बिल्डिंग बसतेय. आणि माझं ऐकायची सवय सगळ्यांना! कुणी कुकरसकट आलं, कुणी अंगाला साबण लावलेला तसंच टॉवेल गुंडाळून आलं, कारण नळाला पाणी नाही म्हणून ते मगापासून तसेच बसलेले. अख्खी सोसायटी रस्त्यावर, आणि आजींनी तोवर सगळ्यांना आसरांचं सांगितलेलं. कांबळेसरसुद्धा आले, पण मोटर बंद करून, मोटररूमला कुलूप लावून. एकाने त्यांना चिमटा काढला, सर, तुम्हीही आसरांना घाबरलात? सर म्हणाले, "मी देवीला घाबरत नाही. पण बिल्डिंग पडायला देवी लागत नाही."

त्याच वेळी स्मिताची रिक्षा आली. हातात बारशाच्या घुगऱ्यांची पिशवी. तिने रस्त्यावरची माणसं बघितली, मग मला बघितलं. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा, कपाळाला कुंकू, एका पायात चप्पल. मी तिला कसंबसं सांगितलं, की आपलं घर गेलं, आत जाऊ नकोस.

तिने पिशवी माझ्या हातात दिली आणि सरळ आत गेली. मी अडवायला हवं होतं. मनापासून वाटत होतं. पण हातात घुगऱ्या होत्या. थोड्या वेळाने ती स्वयंपाकघराच्या खिडकीत आली आणि विचारलं, "पाणी कुठे आहे?"

आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. साबणवाले गृहस्थ म्हणाले, पाणी नसेल तर मोटर तरी लावा, डोळे चुरचुरतायत. कांबळेसरांनी जाऊन मोटर लावली.

"आलं!" खिडकीतून स्मिता.

सर मोटररूमच्या दारात थबकले. मोटर बंद केली.

"गेलं!"

पुन्हा चालू.

"आलं!"

पुन्हा बंद. आता रस्त्यावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. वर पाणी चढवायचा जुना लोखंडी पाइप आमच्या स्वयंपाकघराखालून जात होता. ओल त्याचीच होती, आणि मी दगड समजून छिन्नी घातली ती त्यालाच. सरांनी खालच्या टाकीचं झाकण उघडून आत बघितलं. तळ दिसत होता. सगळ्या बिल्डिंगचं पाणी मोटरने माझ्या घरात येत होतं, आणि मी ते सोसायटीच्याच पंपाने गटारात सोडत होतो. तेही माझ्या सल्ल्याने, सलग.

सरांनी मोटररूमला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि मला विचारलं नाही, थेट टँकरवाल्याला फोन केला. मी मान खाली घालून घुगऱ्यांची पिशवी धरून उभा. कुणीतरी नामीआजींना छेडलं, की काय आजी, पाइपाची ओटी भरलीत, मग तुमच्या आसरा गेल्या कुठे?

आजींनी माझ्याकडे निवांत बघून घेतलं.

"होत्या रं," त्या म्हणाल्या. "याच्या हातान मशीन बगला, नि पलाल्या."